बायमॅकची अंडी फुटायला आली: किती पिल्लं वेगळी काढू, खायला काय घालू?

खारंपाणी (सॅन डिएगो)

कॅलिफोर्निया टू-स्पॉट ऑक्टोपसची (म्हणजे बायमॅकची) मादी अंड्यांवर बसून आज 52 दिवस झाले. टाकी 75 गॅलनची (म्हणजे साधारण 280 लिटर), खाली 20 गॅलनचा संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), पाणी थंड करणारा चिलर 19 अंश सेल्सियसला लावलेला. पाण्याची घनता 1.026, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएम. अंडी उपड्या मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहेत. टॉर्चने दिसतात तेवढी दीडशेच्या आसपास, पण मादीच्या आड किती असतील सांगता येत नाही. एकेक अंडं 12 मिलीमीटर तरी असेल. आतले काळे डोळे आठवड्याभरापासून स्पष्ट दिसतात.

प्रश्न असे:
1. पिल्लं मुख्य टाकीतच राहू द्यावीत की वेगळी काढावीत? काढली तर किती?
2. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) भरपूर आहे. तेवढ्यावर भागेल का?
3. गोठवलेलं खाणं कधीपासून घेतात?
4. मादीचं काय करायचं? तिने खाणं सोडलं आहे.

जवळा (न्यू जर्सी)

आधी एक खात्री करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. टू-स्पॉट नावाचे ऑक्टोपस दोन आहेत, ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडिस आणि ऑक्टोपस बायमॅक्युलेटस. दोन्ही दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडतात, दोघांच्याही डोळ्यांखाली निळ्या कड्याचा खोटा डोळा असतो, आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा फरक कळत नाही. अंड्यांवरून मात्र लगेच कळतं. बायमॅक्युलेटस बारीक अंडी हजारोंनी घालतो आणि त्याची पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगत जगतात. ती घरच्या टाकीत वाढवणं सोडूनच द्या. तुमची अंडी 12 मिलीमीटरची आणि शेकड्यांत आहेत म्हणजे बायमॅक्युलॉइडिसच. त्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच आईची छोटी प्रत होऊन: तळाला चालतं, रंग बदलतं, शाई सोडतं. वजन सुमारे 0.07 ग्रॅम.

मादी: तिला हलवू नका. ती अंड्यांवर सतत पाणी फुंकते आणि भुजांनी ती पुसत राहते, म्हणून बुरशी धरत नाही. खाणं सोडणं हा तिच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा आहे, आजार नाही. आठवड्यातून एकदा कुंडीच्या तोंडाशी एखादा खेकडा काठीने धरून बघा, नाही घेतला तर लगेच काढून घ्या. मोकळा सोडलेला खेकडा अंडी खातो. पिल्लं निघून गेल्यावर काही दिवसांत ती मरेल. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बघत जा, कारण एवढा मोठा देह एक रात्र टाकीत कुजला तर अमोनिया चढून सगळी पिल्लं जातात.

किती काढायची: वीस. फार तर चोवीस. दीडशे वाढवायच्या नादात दीडशेही जातात, कारण खाणं पुरत नाही. आणि वेगळी म्हणजे एकेका डब्यात एकेकच. एकाच डब्यात दोन ठेवलीत तर चार दिवसांनी एकच दिसेल, आणि ते जरा जाड झालेलं असेल.

डबे असे करा:
- 500 मिलीलिटरची झाकणाची प्लॅस्टिकची बरणी. समोरासमोरच्या दोन बाजूंना 4 बाय 5 सेंटिमीटरच्या खिडक्या कापा.
- खिडक्यांवर 500 मायक्रॉनची नायलॉन जाळी. मच्छरदाणी चालणार नाही, तिच्या भोकांतून खाणं निसटतं.
- जाळी गरम गोंदाने किंवा अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने चिकटवा. बाथरूमचं सिलिकॉन नको, त्यात बुरशीनाशक असतं. सिलिकॉन वापरलंत तर तीन दिवस वाळवून, एक दिवस पाण्यात भिजत ठेवून मग वापरा.
- झाकणाला 5 मिलीमीटरचं भोक पाडून त्यातून एअरलाइनची नळी. वरच्या पाण्याच्या फाट्यावरून सेकंदाला दोन-तीन थेंब पडू द्या. हवा नाही, पाणी.
- तळाला चमचाभर बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू आणि लपायला एक रिकामा शंख. शंख नसेल तर स्ट्रॉचा जाड तुकडा चालतो. लपायला जागा नसलेलं पिल्लू खात नाही.

सगळे डबे मुख्य टाकीत किंवा संपमध्ये तरंगते ठेवा, म्हणजे तापमान आणि पाणी एकच राहतं. अंड्यांच्या कवचातून रंगपेशींचे तपकिरी ठिपके दिसू लागले की दिवस जवळ आले. त्याआधी डबे तयार हवेत.

पकडताना जाळं वापरू नका, कातडी सोलते. 8 मिलीमीटर तोंडाची, कड गुळगुळीत केलेली काचेची नळी घ्या. वरच्या तोंडावर बोट ठेवून नळी पिल्लाजवळ न्या आणि बोट उचला, पाण्याबरोबर पिल्लू आत येतं. डबा पाण्याखाली ठेवूनच त्यात सोडा. पिल्लाला पाण्याबाहेर आणायचंच नाही.

संपवाला (पुणे)

वरचं सगळं बरोबर. पाण्याच्या बाजूचं थोडं माझ्याकडून.

पहिलं काम आजच करा: ओव्हरफ्लोची (जिथून टाकीचं पाणी खाली संपमध्ये उतरतं ती) फट आणि पंपाचं तोंड. पिल्लं बहुतेक रात्री निघतात, एकदम नाही, आठवडा-दोन आठवडे थोडी थोडी. सकाळी तुम्ही बघाल तोवर निम्मी संपमध्ये गेलेली असतील. ओव्हरफ्लोवर तीच 500 मायक्रॉनची जाळी लावा, पण जाळी जितकी बारीक तितकी ती लवकर तुंबते आणि टाकी वरून वाहते. म्हणून जाळीचं क्षेत्रफळ फटीच्या चौपट-पाचपट ठेवा, सपाट न लावता पेटीसारखी बसवा, रोज ब्रशने घासा आणि रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत वर टाकणारा) थोडा मंद करा. पॉवरहेड (टाकीत प्रवाह करणारा पंप) असेल तर बंद. नाहीच जमलं तर जाड स्पंजमध्ये पूर्ण गुंडाळा.

दुसरं, बारीक बुडबुडे. स्किमरमधून (बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्रातून) किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपातून येणारे धुक्यासारखे बुडबुडे मोठ्या ऑक्टोपसला त्रास देत नाहीत, पिल्लाला देतात. बुडबुडा प्रावाराच्या (धडाच्या पिशवीच्या) पोकळीत अडकतो आणि पिल्लू बुचासारखं वर तरंगत राहतं. मग खाणंही नाही आणि लपणंही नाही. डब्यांना जाणारं पाणी संपच्या शेवटच्या कप्प्यातून, स्पंजमधून गाळून घ्या.

तिसरं, तांबं. ऑक्टोपसच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्याच्यासाठी विष आहे. पितळी व्हॉल्व्ह, जुन्या घराचं नळाचं पाणी, आधी माशांच्या औषधाला वापरलेली टाकी किंवा बादली, यांतलं काहीही नको. आरओ-डीआयचंच (पूर्ण शुद्ध केलेलं) पाणी वापरा.

नायट्रेट 10 आहे, उत्तम. 20 च्या वर जाऊ देऊ नका. ऑक्टोपस निव्वळ मांसाहारी आहे आणि त्याची घाण थेट अमोनियाच्या रूपात बाहेर पडते, त्यामुळे त्याच आकाराच्या माशाच्या हिशोबाने फिल्टर धरलात तर कमी पडेल. आठवड्याला 15 टक्के पाणी बदला. घनता 1.025 ते 1.026, पीएच 8.1 ते 8.3. अर्धा किलो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कोरडा जवळ ठेवा. मादीने किंवा पिल्लांनी शाई सोडली तर लगेच पिशवीत घालून संपमध्ये टाका.

कालवं (रत्नागिरी)

चिलरचा खर्च वाचवून 25-26 ला ठेवलं तर पिल्लं लवकर मोठी होणार नाहीत का? पहिला नाजूक महिना तेवढाच लवकर सरेल.

जवळा (न्यू जर्सी)

लवकर मोठी होतात, पण लवकर म्हातारीही होतात. हे 1988 साली टेक्सासात गॅल्व्हेस्टनच्या प्रयोगशाळेत नीट तपासलं गेलं आहे. याच जातीची पिल्लं 18 आणि 23 अंशांवर वेगवेगळी वाढवली. उबदार पाण्यातली आधी भराभर वाढली, आधी वयात आली आणि आधी मेली. मुळात आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं, त्यातले महिने कशाला कापायचे?

दुसरं असं की पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि पिल्लाची भूक वाढते. म्हणजे खाण्याची टंचाई आणखी आधी येते. 18 ते 20 ठेवा. बायमॅक थंड पाण्याचा प्राणी आहे.

आता खाणं. याच ठिकाणी बहुतेकांचं बिनसतं.

आर्टेमियाची नुकतीच निघालेली पिल्लं विसरा. बायमॅकच्या पिल्लासाठी ती फार बारीक, ते त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. पूर्ण वाढलेला, 8-10 मिलीमीटरचा आर्टेमिया ते पकडतं, पण तो म्हणजे पाण्याची पिशवी. त्यात पिल्लाला लागणारी स्निग्धाम्लं नसल्यात जमा. बारा तास एन्रिचमेंटच्या (पोषण वाढवणाऱ्या) द्रवात ठेवून दिलात तर एखाद्या दिवसाची अडचण भागेल. निव्वळ त्यावर ठेवलेली पिल्लं दोन आठवडे ठणठणीत दिसतात आणि तिसऱ्यात मरायला लागतात. मग माणूस पाण्याला दोष देतो.

खरं खाणं दोन:

अ‍ॅम्फिपॉड. संपमधल्या कीटोमॉर्फा शेवाळात असतात ते बारीक कवचाचे जीव. 3 ते 5 मिलीमीटरचे निवडा. सेंटिमीटरभराचे नकोत, दुबळ्या पिल्लाला तेच कुरतडतात.

जिवंत मायसिड. आपल्या जवळ्याचे लहान भाऊ म्हणा. तुमच्याकडे प्रयोगशाळांना पुरवणारे लोक पोस्टाने पाठवतात. 4 ते 6 मिलीमीटरचे मागवा.

हिशोब करा. एका पिल्लाला दिवसाला तीन ते पाच जीव. वीस पिल्लं, सरासरी चार धरले तर रोज 80, महिन्याला 2,400. तिसऱ्या आठवड्यापासून भूक वाढते, म्हणून 3,000 धरा. सगळे विकत आणायचे तर खिसा फाटेल. तेव्हा आजच 20 लिटरच्या तीन बादल्या मांडा: टाकीचंच खारं पाणी, प्रत्येकीत दोन मुठी कीटोमॉर्फा, एक मंद एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), संपमधले शंभर-दीडशे अ‍ॅम्फिपॉड, आणि दोन दिवसांतून एकदा चिमूटभर स्पिरुलिना किंवा माशांचा फ्लेक. दोन-तीन आठवड्यांनी बारीक अ‍ॅम्फिपॉडची पहिली खेप दिसते. आळीपाळीने एकेका बादलीतून काढा आणि प्रत्येक वेळी निम्मे मागे ठेवा. मायसिड घरी वाढवता येतात, पण ते आपलीच पिल्लं खातात आणि त्यांना दिवसातून दोनदा ताजा आर्टेमिया लागतो. ऑक्टोपस सांभाळायचे की मायसिड, असं होऊन बसतं. ते विकतच घ्या.

वेळापत्रक ढोबळ आहे, पिल्लाकडे बघून पुढे-मागे करा:

पहिले एक-दोन दिवस पोटात बलक असतो, काहींना भूक नसते. तरी दोन अ‍ॅम्फिपॉड सोडून ठेवा. चौथ्या आठवड्यापर्यंत फक्त जिवंत खाणं, दिवसातून दोनदा. उरलेलं आणि मेलेलं रोज पिपेटीने काढायचं.

पाचव्या आठवड्यापासून गोठवलेला मायसिस (म्हणजे मायसिडच). गोड्या पाण्यात नव्हे, टाकीच्या पाण्यात वितळवा, चहाच्या गाळण्यात धुऊन घ्या, आणि एकच मायसिस झाडूच्या हिराच्या टोकाला टोचून पिल्लापासून दोन सेंटिमीटरवर हळूच हलवा. हिसके देऊ नका, जिवंत जवळा सरकतो तसं सरकवा. पिल्लू आधी डोळे वर काढतं, गडद होतं, भुजांची टोकं वळवतं आणि झपकन सगळ्या भुजांची छत्री टाकतं. छत्री पडली की हीर बाजूला घ्या. नुसतं गडद होऊन मागे सरकलं तर आज नको, उद्या बघा.

सहा ते आठ आठवड्यांत नखाएवढे खेकडे, छोटे हर्मिट (शंखात राहणारे खेकडे), ग्रास श्रिंप (छोटी कोळंबी). खेकडा मोठा वाटला तर त्याचे नांगे कापून द्या. त्यापुढे कोळंबीचा, शिंपल्याचा तुकडा घेतात, पण आठवड्यातून दोन-तीनदा कवचाचं जिवंत खाणं चालू ठेवा.

बरं चाललं असेल तर सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांत वजन दुप्पट होतं. अडीच महिन्यांनी 500 मिलीलिटरचा डबा सोडून 3-4 लिटरचा, चौथ्या महिन्याला 20 लिटरचा कप्पा, आणि सहाव्याला प्रत्येकाला स्वतंत्र टाकी, किमान 200 लिटर, कड्या लावलेल्या झाकणाची. चोच जिथून जाईल तिथून उरलेला सगळा ऑक्टोपस जातो. वीस पिल्लांतली सहा जगली तर सहा टाक्या. हे आधी ठरवा, नंतर नको.

खारंपाणी (सॅन डिएगो)

सहा टाक्या अर्थातच नाहीत. उरलेली पिल्लं समुद्रात सोडली तर? इथलीच तर जात आहे.

संपवाला (पुणे)

नाही. जात इथली असली तरी टाकीचं पाणी इथलं नाही. कुठकुठचे लाइव्ह रॉक (जीव असलेले समुद्रातले दगड), कुठकुठचे शंख त्यात असतात, त्यांतले जंतू पिल्लाबरोबर समुद्रात जातात. देऊन टाकायची असतील तर आताच विचारायला लागा. मत्स्यालयं आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळा ही जात अभ्यासासाठी ठेवतात. ऑक्टोपसचा पहिला पूर्ण जीनोम 2015 मध्ये उलगडला तो बायमॅक्युलॉइडिसचाच. पण अचानक आणून दिलेली पिल्लं कुणी घेत नाही, आधी पत्रव्यवहार लागतो.

कॅलिफोर्नियात 2024 साली झालेल्या ऑक्टोपस-शेतीबंदीच्या कायद्याची भीती अधूनमधून कुणीतरी घालतं. तो माणसांच्या खाण्यासाठी ऑक्टोपस पोसण्यावर आहे, तुमच्या टाकीवर नाही.

डब्यांत न काढलेली पिल्लं मुख्य टाकीतच राहू द्या. लाइव्ह रॉकमध्ये अ‍ॅम्फिपॉड खाऊन, आणि खरं सांगायचं तर एकमेकांना खाऊन, एखाद-दोन जगतात. कधीकधी तीच डब्यातल्यांपेक्षा दणकट निघतात. मात्र टाकीत मोठे ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे), हर्मिट किंवा अ‍ॅनिमोन असतील तर आधी काढा.

कालवं (रत्नागिरी)

जरा वेगळं विचारतो. इकडे ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत बोटाच्या पेराएवढे ऑक्टोपस दिसतात. म्हाकूळ नव्हे, आठच भुजांचे. हीच पद्धत त्यांना चालेल का?

जवळा (न्यू जर्सी)

डबे, जाळी, एकेकटं ठेवणं हे चालेल. तापमान नाही. तुमच्याकडच्या प्राण्याला 26-28 अंश लागतात, त्याला थंड पाण्यात घालू नका. उष्ण समुद्रातल्या बऱ्याच जातींची अंडी बारीक असतात आणि पिल्लं आधी तरंगत जगतात. डबक्यात चालताना दिसलं म्हणजे त्याने तो टप्पा ओलांडला आहे. असं पिल्लू टाकीत तग धरतं, पण त्याची अंडी घरी वाढवायच्या भानगडीत पडू नका.

जात ओळखता येत नसेल तर हात अजिबात लावू नका. हिंदी महासागर ते पॅसिफिक या पट्ट्यात निळ्या कड्यांचे ऑक्टोपस असतात आणि ते पूर्ण वाढले तरी लहानच असतात, म्हणजे तुम्हाला पिल्लू वाटेल ते पिल्लू असेलच असं नाही. त्यांच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन असतं, त्यावर उतारा नाही. निळी कडी बिथरल्यावरच उठून दिसतात, शांत बसलेला प्राणी मळकट पिवळा-तपकिरी दिसतो. बघा, फोटो काढा आणि भरतीपूर्वी परत फिरा.

खारंपाणी (सॅन डिएगो)

पहाटे पहिली नऊ निघाली. सात डब्यांत गेली, तळाला बसली आहेत. एक पाण्यावर तरंगतंय, खाली जायला बघतं आणि परत वर येतं. आणखी एकाच्या तोंडाशी भुजांच्या मध्ये पिवळट फुगा आहे, मोहरीपेक्षा थोडा मोठा. दोघांचं काय करू?

संपवाला (पुणे)

तरंगणारं: बुडबुडा अडकला आहे. पाण्याखालीच डब्यात घ्या आणि पिपेटीने बाजूने अगदी हलका पाण्याचा झोत द्या, म्हणजे ते उलटंसुलटं होतं. सायफनचं (पाणी बाहेर फेकणाऱ्या नळीचं) तोंड वर आलं की बुडबुडा सुटतो. दोन-तीनदा करून बघा, मग दोन तास त्याला एकटं सोडा. चिमट्याने किंवा बोटाने दाबू नका. आणि स्किमर आज रात्रीपुरता बंद ठेवा, नाहीतर उद्या आणखी चार वर येतील.

जवळा (न्यू जर्सी)

फुगा म्हणजे बाहेर राहिलेला बलक. पिल्लू वेळेआधी निघालं. टॉर्च, कुंडीला धक्का, तापमानात अचानक फरक, यांतलं काहीतरी झालं असणार. त्याला खाणं देऊ नका, अ‍ॅम्फिपॉड त्या बलकालाच लागतील. शंख घातलेल्या डब्यात वाळू न घालता ठेवा, वर काळं कापड टाका. बलक फुटला तर काही करता येत नाही. चार-पाच दिवसांत आक्रसून गेला तर मग पहिला अ‍ॅम्फिपॉड द्या, सगळ्यात लहान निवडून.

आणि आजपासून टॉर्च बंद. बघायचंच असेल तर लाल दिवा वापरा, तोही कुंडीवर थेट नको, बाजूच्या भिंतीवर मारा.